मेंदूला जपायचं तर आधी हळदीचा डबा उघडा

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आम्ही वर्षाची हळद भरली. सुटी, दळलेली, किलोमागे नेहमीपेक्षा बरीच स्वस्त. रंग असा की सासूबाईंनी चिमूटभर उचलून उन्हात धरली आणि म्हणाल्या, "सोनं आलंय गं घरात." त्याच पावसाळ्यात आमच्या धाकट्याची सारखी चिडचिड आणि पोटदुखी सुरू झाली. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. हिमोग्लोबिन कमी निघालं. बालरोगतज्ज्ञांनी लोहाचं औषध लिहून दिलं आणि मला आजवर कुणीच विचारला नव्हता असा एक प्रश्न विचारला, "हळद कुठून आणता?" मग रक्तातल्या शिशाची तपासणी झाली. आकडा जास्त आला. हळदीचा नमुना प्रयोगशाळेत दिला, तर त्यातही शिसं मर्यादेच्या बरंच वर.

त्यानंतरचं वर्षभर मी हाच एक विषय धरून बसले. मी डॉक्टर नाही, हिशेब तपासणं ही माझी नोकरी आहे. पण मुलाच्या मेंदूचा प्रश्न आला की माणूस पाकिटांवरचे बारीक आकडेही वाचायला शिकतो. तुमच्या घरात लहान मूल असेल, म्हातारी माणसं असतील, किंवा इंदुरात नव्यानं बिऱ्हाड मांडलं असेल आणि कुठून काय घ्यावं ते कळत नसेल, तर हे सगळं तुमच्यासाठीच लिहिलं आहे. माझा गोंधळ झाला तसा तुमचा होऊ नये.

काय काय जवळ हवं

फार काही लागत नाही.

- दोन काचेचे ग्लास आणि साधं पाणी
- पसरट स्टीलचं ताट आणि भरपूर ऊन
- कॅमेरा असलेला मोबाइल, कारण पाकिटावरची अक्षरं मोठी करून पाहिल्याशिवाय वाचता येत नाहीत
- एक वही
- गेल्या दोन-तीन महिन्यांतली किराण्याची बिलं

बिलं सुट्या मालाचीही मागा. सियागंजात किंवा मारोठिया बाजारात गर्दीच्या वेळी बिल मागायला संकोच वाटतो, दुकानदारही "अरे भाभी, इतने का क्या बिल" म्हणतो. तरी मागाच. माझ्याकडे त्या हळदीचं बिल नव्हतं, आणि पुढची सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

१. भीतीची क्रमवारी लावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मोबाइलवर आलेला एखादा मजकूर वाचून घरातला अजिनोमोटो फेकून देतात आणि सुटं बेसन तसंच आणत राहतात. मीही तेच केलं होतं.

आपण ज्याला सरसकट 'केमिकल' म्हणतो त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे कायद्यानं परवानगी असलेले पदार्थ: रंग, टिकवणारे पदार्थ, चव वाढवणारे पदार्थ. त्यांची तपासणी झालेली असते, कमाल प्रमाण ठरलेलं असतं आणि पाकिटावर त्यांचं नाव किंवा आकडा द्यावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे भेसळ: शिशाचा रंग, मेटॅनिल यलो नावाचा पिवळा रंग, तिवडा या डाळीचं पीठ. यांचा कुठेच उल्लेख नसतो. आणि मेंदूच्या पेशींना इजा होते याचा भक्कम पुरावा याच दुसऱ्या गटाबद्दल आहे.

म्हणून माझी क्रमवारी अशी आहे. आधी सुटी हळद, मिरची, बेसन आणि डाळी. मग मुलांच्या खाण्यातले भडक रंग. मग मीठ, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. बाकी सगळं त्यानंतर.

२. हळद

आधी शिसं हळदीत येतंच कसं ते समजून घ्या. हळकुंडं उकडून वाळवली की वरून मळकट तपकिरी दिसतात. त्यांना झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी पॉलिश करताना लेड क्रोमेट नावाची पिवळी भुकटी चोळतात. हा खरं तर रंगाच्या कारखान्यातला माल, आणि त्यात शिसं असतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं भासतं, त्यामुळे कॅल्शियमच्याच वाटांनी ते आत शिरतं, थेट मेंदूपर्यंत. मोठ्या माणसाच्या पोटातून त्याचा थोडाच भाग रक्तात जातो, लहान मुलांच्या बाबतीत तो कितीतरी जास्त असतो. शिशाची निर्धोक अशी कोणतीच पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसं सापडलं होतं. सरकारनं घाऊक बाजारात धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या हळदीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाटण्याच्या काही नमुन्यांत शिशाचं प्रमाण फार मोठं निघालं. आपल्याकडे हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे.

घरी काय करायचं:

ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद वरून सोडा. ढवळू नका. ग्लास ओट्यावर तसाच राहू द्या. चांगली हळद संथपणे खाली उतरते, तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होत जातं. तिखटाची परीक्षाही अशीच: पाण्यावर भुरभुरवा, लाल रेघा ओघळत खाली जायला लागल्या की समजा.

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. आमची हळद या परीक्षेत पास झाली होती. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, ते हळदीबरोबरच निमूटपणे तळाशी बसतं. म्हणजे ग्लासची परीक्षा नापास झाली तर हळद नक्की टाकून द्या, पण पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. शिसं आहे की नाही हे फक्त प्रयोगशाळा सांगू शकते.

आम्ल टाकून गुलाबी रंग येतो का ते पाहण्याची एक पद्धत मोबाइलवर फिरत असते. मेटॅनिल यलो हायड्रोक्लोरिक आम्लात गडद गुलाबी होतो हे खरं आहे, पण फरशी धुण्याचं आम्ल स्वयंपाकघरात, मुलांच्या हाताशी आणू नका. आणि मूळ हळदही आम्लात रंग बदलते, त्यामुळे अननुभवी माणूस हमखास फसतो.

आता आम्ही अख्खी हळकुंडं घेतो. तिथेही मी आधी चुकले, सगळ्यात पिवळीधमक उचलली. झळाळी हीच धोक्याची खूण आहे. वरून मळकट, थोडी सुरकुतलेली, टोकाशी तपकिरी अशी हळकुंडं निवडा. एक मोडून पाहा. आतला रंग केशरी-पिवळा आणि बाहेरचा त्याहून झगझगीत असेल तर तो माल ठेवून द्या. एक हळकुंड पाण्यात टाका, लगेच पिवळं पाणी सुटायला लागलं तर तेही घेऊ नका. दुकानात मी सरळ म्हणते, "भिया, बिना पॉलिश की दिखाओ." बहुतेकांकडे असते, फक्त कुणी मागत नाही म्हणून मागच्या पोत्यात पडलेली असते.

दळायला मसाल्याच्या चक्कीवर जा, समोर उभं राहून दळून घ्या, आणि आधी मूठभर तांदूळ फिरवून घ्यायला सांगा, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाची हळद तुमच्या डब्यात येते. मिरचीचंही तसंच. निमाडात बेडियाच्या बाजाराची मिरची इंदुरात सहज मिळते, ती अख्खी घेऊन देठं काढून दळून आणा.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी सुट्याऐवजी पाकीटबंद हळद घ्यावी, बॅच क्रमांक आणि परवान्याचा क्रमांक पाहून. काही बिघडलं तर निदान माग काढता येतो.

३. बेसन, डाळ आणि तिवडा

इंदुरात सेव हे जेवणाचं अंग आहे. पोह्यांवर सेव, कचोरीवर सेव, वरणभाताशेजारीही सेव. त्यामुळे इथल्या घरात बेसन किती खाल्लं जातं याचा अंदाज पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना येत नाही. म्हणून इथे बेसनावर लक्ष ठेवणं जास्त गरजेचं आहे.

बेसनात दोन भेसळी संभवतात. एक मेटॅनिल यलो. हा खाण्याच्या परवानगीत नसलेला रंग बेसन, डाळी आणि पिवळ्या मिठायांत वापरला जातो. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत उंदरांना तो दीर्घकाळ खाऊ घालून पाहिला होता. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या मेंदूतल्या डोपामिन, सेरोटोनिन यांसारख्या निरोप वाहणाऱ्या द्रव्यांची पातळी बदललेली दिसली आणि नवी गोष्ट शिकायला त्यांना जास्त फेऱ्या लागल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण जो रंग खाण्यासाठी नाहीच, त्याच्यासाठी मला एवढं कळलं तरी पुरतं.

दुसरी भेसळ तिवड्याची. महाराष्ट्रातले लोक याला लाख किंवा लाखोळी म्हणतात, हिंदीत खेसारी. मध्य प्रदेशाशी या डाळीचं नातं जुनं आणि दुःखाचं आहे. दुष्काळात बाकी पिकं जळाली तरी तिवडा उभा राहतो, म्हणून गरिबांनी महिनोन्‌महिने तोच खाल्ला आणि तरणीताठी माणसं पायांनी अधू झाली. इंग्रज अधिकारी स्लीमन यानं एकोणिसाव्या शतकात सागरच्या भागातल्या अशा माणसांची नोंद करून ठेवली आहे. पुढे रीवा-सतना पट्ट्यातही हा आजार दिसत राहिला. कारण आता माहीत आहे: तिवड्यात एक द्रव्य असतं, ते मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप्याची नक्कल करतं. पाय हलवणाऱ्या चेतापेशी त्या खोट्या निरोपानं इतक्या उत्तेजित होतात की शेवटी मरतात. गेलेल्या त्या पेशी परत येत नाहीत. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, नंतर काही राज्यांनी ती सैल केली.

घाबरून जाऊ नका. रोजच्या आहाराचा मोठा भाग काही महिने तिवड्याचाच असेल तेव्हा हा आजार होतो, चार दाण्यांनी किंवा मूठभर सेवेनं नाही. पण हरभऱ्याचे पैसे देऊन तिवडा घरात कशाला आणायचा?

ओळखायचा कसा ते मला आमच्या शेजारच्या काकूंनी दाखवलं. त्यांनी तूरडाळ ताटात पसरली, ताट गॅलरीतल्या उन्हात ठेवलं आणि बोटानं एकेक दाणा सरकवत गेल्या. तुरीची डाळ बशीसारखी गोल, बोटाखाली घसरते. मध्येच एक दाणा अडला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूनं चौकोनी, दुसऱ्या बाजूनं उतरता, छोट्या कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, रंगानं जरा मळकट. बोट फिरवलं की कड लागते. एकदा ती कड बोटाला कळली की पुन्हा चूक होत नाही.

पिठात मात्र दाणा दिसत नाही. म्हणून बेसन विकत घेऊ नका, चणाडाळ घ्या, निवडा आणि चक्कीवरून दळून आणा. महिन्याला दोन किलोच्या पिठासाठी अर्धा तास जातो. सेवही दिवाळीशिवाय आता घरीच करतो असं मी म्हणणार नाही, ते जमत नाही. बाहेरची घेतो, पण फिकट पिवळी. लिंबासारखी चमकणारी सेव आमच्याकडे येत नाही.

४. पाकीट उलटं करा

पुढची बाजू जाहिरातीची असते, माहिती मागच्या बाजूला. तीन गोष्टी पाहा.

पहिली, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिले तीन घटक साखर, मैदा आणि तेल असतील तर पुढे 'बदामाचा स्वाद' लिहिलंय याला काही अर्थ नाही.

दुसरी, एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी अ‍ॅपवर तो टाकून पाहता येतो.

तिसरी, 'आयएनएस' या अक्षरांपुढचे आकडे, म्हणजे रंग, टिकवणारे पदार्थ वगैरेंना दिलेले ठरावीक क्रमांक. आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर एवढंच आहे:

- १०२ टार्ट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पाँसो फोर आर: मुलांसाठी नको
- १२७ एरिथ्रोसिन: नको. अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये खाण्यातली त्याची परवानगी काढून घेतली
- २११ सोडियम बेंझोएट: रंगाबरोबर आला तर नको
- ९५१ अस्पार्टेम: मुलांना नको. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात दोष असलेल्यांना अजिबात नको, त्यांच्या मेंदूला त्यातलं फिनाइलअ‍ॅलनिन खरंच इजा करतं
- ६२१ अजिनोमोटो: खाली वाचा

आकडा दिसला म्हणजे विष, असं समजू नका. १०० म्हणजे हळदीतलंच कुर्क्युमिन. १६२ बीटाचा लाल रंग. ३०० क जीवनसत्त्व. ३३० लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल. या ३३० बद्दल एक जुनी अफवा सांगण्यासारखी आहे. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एक पत्रक हातोहात वाटलं गेलं, एका नामांकित कर्करोग रुग्णालयाचं नाव वापरून. त्यात ३३० हा सगळ्यात घातक घटक ठरवला होता. रुग्णालयाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पेशींमध्ये सायट्रिक आम्लाचं जे चक्र चालतं त्याला क्रेब्ज या शास्त्रज्ञाचं नाव आहे, आणि जर्मन भाषेत 'क्रेब्स' म्हणजे कर्करोग. बहुधा त्यातूनच हा घोटाळा झाला. तीच यादी आज आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठीत येते. ती पुढे पाठवू नका.

५. मुलांच्या खाण्यातले रंग

२००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठानं तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या सुमारे तीनशे मुलांवर एक प्रयोग केला. काही दिवस रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं सरबत, काही दिवस तसंच दिसणारं साधं सरबत. कुठलं कधी दिलं हे पालकांनाही माहीत नव्हतं. रंगाच्या सरबतानं मुलांची चंचलता सरासरीनं थोडी वाढलेली दिसली, काहींमध्ये जास्त, काहींमध्ये अजिबात नाही. पेशी मेल्या असं त्यातून सिद्ध झालं नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण एवढ्यावर युरोपनं जुलै २०१० पासून सहा रंगांच्या पाकिटांवर इशारा छापणं सक्तीचं केलं: मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्यावर दुष्परिणाम होऊ शकतो. त्यातले चार रंग आपल्याकडे चालतात. तेच वरच्या यादीतले पहिले चार.

आता जरा हिशेब करू. सनसेट यलोची रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ४ मिलिग्रॅम आहे. पंधरा किलोच्या मुलाला ६० मिलिग्रॅम. मिठाईत रंगाची कायदेशीर मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. म्हणजे नियमानं केलेली मिठाई त्या मुलानं एका दिवसात ६०० ग्रॅम खाल्ली तर तो मर्यादेला पोचेल. एवढी कुणी खात नाही. पण १०० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही धड न येणारी भुकटी, आणि कढईपुढे उभा असलेला माणूस ती मोजून घालत नाही, तो डोळ्यांनी घालतो. रंग 'उठला' पाहिजे एवढंच त्याला कळतं. धोका या अंदाजात आहे.

शिवाय बिनपरवानगीचे रंग वेगळेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूनं कॉटन कँडीवर बंदी घातली, कारण गुलाबी रंगासाठी त्यात ऱ्होडामिन बी हा कपड्यांचा रंग निघाला. तेव्हापासून जत्रेत म्हातारीचे केस मागितले की मी पांढरे मागते, नाहीतर नाही.

सराफा आणि छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्ल्यांत मुलांना न्यायचं नाही, असं आम्ही कधीच ठरवलं नाही. इंदुरात राहून ते करणं म्हणजे मुलांवर अन्याय. जाण्याआधी काय घ्यायचं ते ठरवतो: भुट्ट्याचा कीस, साबूदाण्याची खिचडी, थंडीत जीरावन मसाला भुरभुरलेले गराडू (तळलेला कंद), रबडी. यांना रंग लागतच नाही. जिलबी फिकट असेल तिथली. लाल-हिरव्या चटणीचे, सरबतांचे आणि बर्फाच्या गोळ्याचे हट्ट मात्र मी मोडते.

घरच्या वाढदिवसाला बीटाचा रस, पालकाचा रस, केशर, हळद. साखरभाताला केशराच्या चार काड्या पुरतात. बाजारातल्या लाल रंगाच्या बाटलीइतका भडक रंग येत नाही, आणि तो यायलाही नको.

मूल फार चंचल आहे आणि रंगाचा संशय येतोय, तर असं करा. तीन आठवडे रंग पूर्ण बंद. वहीत रोज तीन ओळी: काय खाल्लं, झोप किती, वागणं कसं. वर्गशिक्षिकेला कारण न सांगता फक्त 'कसा आहे' एवढं विचारत राहा. मग एक दिवस रंगाचं काहीतरी द्या आणि दोन दिवस पाहा. फरक दिसला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. चालू असलेलं औषध मात्र आपल्या मनानं थांबवू नका.

६. अजिनोमोटोबद्दल थोडक्यात

अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचं मीठ. टोकियोचे शास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव वेगळी काढली. भीती सुरू झाली १९६८ मध्ये, एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या डॉक्टरांच्या पत्रावरून. पुढच्याच वर्षी ओल्नी या संशोधकांनी नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचलं, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेलेल्या दिसल्या. हा प्रयोग खरा आहे, पण तो सुईनं, अतिशय मोठ्या मात्रेत आणि नवजात पिल्लांवर केलेला होता. आपण खातो त्यातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्यांच्या पेशीच वापरून टाकतात आणि उरलेल्याला रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर रोखतो. टोमॅटोत ते नैसर्गिकच असतं.

वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका. ज्याला खाऊन डोकं दुखतं त्यानं टाळावं. बाकी, महिन्यातून एकदा चायनीज खाल्लं म्हणून रात्र जागून काढू नका.

७. मीठ

आमच्या सासऱ्यांना रोज संध्याकाळी वाटीभर नमकीन लागायचं. त्यांच्या मेंदूला सगळ्यात मोठा धोका रंगाचा नव्हता, मिठाचा होता. मिठानं रक्तदाब वाढतो, वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं झिजवतो, आणि त्यातून पक्षाघात येतो, विसरभोळेपणा वाढतो. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. वाटीऐवजी आता लहान डबी आहे, आणि उरलेल्या जागी फुटाणे. नाराजी महिनाभर टिकली.

८. शंका आली तर नमुना तपासून घ्या

अन्न सुरक्षा कायदा २००६ चं कलम ४० साध्या ग्राहकाला हा हक्क देतं. फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासता येतो, आणि माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. अट एक आहे, आणि तिथेच लोक अडतात: खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हे तपासणीसाठी घेतोय. मी महिनाभर वापरलेली, बिल नसलेली हळद घेऊन गेले. अहवाल मिळाला, पण खाजगी प्रयोगशाळेचा. त्यावर पुढची कारवाई झाली नाही.

तुम्ही हे जवळ ठेवा:

- खरेदीचं बिल, त्यावर तारीख आणि मालाचं नाव
- पाकीट असेल तर न फाडता, बॅच क्रमांक आणि तारखेचा फोटो
- कोरड्या, स्वच्छ, बंद डब्यात नमुना. पाव किलोपेक्षा कमी नको
- ओळखपत्राची प्रत
- दुकानाच्या दर्शनी भागातल्या परवान्याचा फोटो

खाजगी प्रयोगशाळा निवडलीत तर ती एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, मान्यतेची आहे का ते पाहा, आणि नुसतं 'भेसळ तपासा' असं सांगू नका. काय शोधायचं ते लेखी द्या: हळदीत शिसं आणि मेटॅनिल यलो, बेसनात मेटॅनिल यलो आणि खेसारी. न सांगितलेलं ते शोधत नाहीत आणि पैसे तेवढेच जातात. तक्रार करायची असेल तर जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी, किंवा अ‍ॅपवरून. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

९. मुलाचं शरीर तयार ठेवा

लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाचं शरीर शिसं जास्त शोषतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. म्हणून रोज दूध किंवा ताक, आठवड्यातून तीनदा नाचणी, पालेभाजी, आणि तिच्यावर लिंबू पिळून, कारण क जीवनसत्त्वानं लोह नीट शोषलं जातं. मूल उपाशीपोटी असू नये, रिकाम्या पोटी शिसं जास्त आत जातं. जेवणाआधी साबणानं हात.

'मेंदूची शुद्धी' करणाऱ्या गोळ्या, भस्मं, काढे यांच्यामागे लागू नका. काही भस्मांतच धातू असतात.

सुटी हळद बराच काळ खाल्ली असेल आणि मूल सहा वर्षांच्या आतलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा, ते दर वेळी आपणहून सुचवतीलच असं नाही. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आकडा आला तर शिसं कुठून येतंय ते शोधून काढायचं. हळद बंद केल्यावर आमचा आकडा चार महिन्यांत उतरला. दुसरी तपासणी त्याच प्रयोगशाळेत करा आणि रक्त बोटातून न घेता शिरेतून घ्यायला सांगा. बोटावरच्या धुळीतलं शिसं नमुन्यात गेलं तर आकडा खोटा वर जातो, आणि तुम्ही पुन्हा एक आठवडा झोपेविना काढता.